टिळकांचा जामीन

लोकमान्यांच्या राजद्रोहाच्या खटल्यांची हकीकत बहुधा शिक्षेपासून सांगितली जाते. त्याआधी कोर्टापुढे आणखी एक प्रश्न येऊन गेला होता: खटला उभा राहीपर्यंत आरोपीने तुरुंगात राहायचे की घरी? हा प्रश्न हायकोर्टाने १८९७ साली एका तऱ्हेने सोडवला आणि १९०८ साली अगदी उलट.

२७ जुलै १८९७ रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. पुण्यात रँडवर गोळी झाडली गेल्याला जेमतेम महिना लोटला होता; सरकार चवताळलेले होते. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स व न्यायमूर्ती रानडे यांनीही नाकारला. रानडे-टिळकांचे मतभेद ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्या मनात येथे पाल चुकचुकेल. पण निकालाच्या मागे ते होते असे म्हणायला आधार नाही.

राजद्रोहाचा गुन्हा अजामीनपात्र होता. या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे. तो हक्काने मागता येत नाही, न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवलेला असतो, एवढेच. हा विवेक वापरायचा कसा, यावरच सारे अडते.

खटला सेशन्सकडे सोपवला गेल्यावर ४ ऑगस्टला टिळकांतर्फे बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज केला. तय्यबजींनी मुख्य प्रश्न एकच मानला: हा मनुष्य खटल्याला हजर राहील ना? राहणार असेल, तर महिनाभर कोंडून ठेवून पुढे तो निर्दोष ठरला तर न्यायाची काय शोभा राहिली? जामीन मंजूर झाला. सप्टेंबरात टिळक कोर्टात हजर झाले. ज्यूरीच्या ९ जणांपैकी ६ युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवले, ३ हिंदी सभासदांनी निर्दोष. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी दिली. शिक्षा झाली खरी, पण तय्यबजींचा अंदाज चुकला नव्हता. आरोपी पळाला नव्हता.

आता ११ वर्षे पुढे. २४ जून १९०८ ला टिळक पुन्हा पकडले गेले. जामिनासाठी उभे राहिले तरुण बॅरिस्टर महंमद अली जीना. आणि न्यायासनावर होते तेच दावर, आता न्यायमूर्ती झालेले! पूर्वी ज्या निकालासाठी दावरांनी स्वतः वाद घातला, तोच जीनांनी त्यांच्यापुढे ठेवला. दावरांचे म्हणणे पडले की केवळ हजेरी नव्हे, सगळीच परिस्थिती पाहिली पाहिजे. ती परिस्थिती कोणती? कारणांची चर्चा करणे खटल्याच्या दृष्टीने इष्ट नाही, असे सांगून त्यांनी अर्ज नामंजूर केला.

त्यांची बाजूही समजून घ्यावी. जामिनाच्या वेळीच पुराव्यावर बोलले तर पुढे बसणाऱ्या ज्यूरीचे मन कलुषित होईल, ही भीती खोटी नव्हती. आजही जामिनाच्या हुकुमात पुराव्याची फार चिकित्सा करू नये असेच मानतात. पण थोडक्यात का होईना, कारण द्यावे, हीही आज अपेक्षा असते. स्वतंत्र भारतात तर १९७७ साली बालचंदच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जामीन हा नियम व तुरुंग हा अपवाद असे सूत्र घातले. तय्यबजींच्या विचाराचे ते जवळचे नातलगच.

१३ जुलैला खटला उभा राहिला. टिळकांनी स्वतःच बचाव केला, तोही त्या थोड्या दिवसांत कोठडीतच तयारी करून. २२ जुलैच्या रात्री दावरांनी ६ वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली आणि टिळकांची रवानगी पुढे मंडालेला झाली. १८९७ साली सांगितल्या दिवशी कोर्टात आलेला हा आरोपी ११ वर्षांनी पळून जाईल, असे दावरांना वाटले होते की काय, हे त्यांच्या निकालातून कळत नाही.