पाचांतला एक? अमेरिकी फुटबॉल आणि अटकेच्या एका आकड्याचा इतिहास

१९९८ साली अमेरिकेत एक पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यातला एक आकडा पुस्तकापेक्षा कितीतरी दूरवर पोहोचला : २१ टक्के. नॅशनल फुटबॉल लीगमधील, म्हणजे एनएफएलमधील, साधारण दर पाच खेळाडूंपैकी एकावर कधी ना कधी गंभीर गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला आहे, असे ते पुस्तक सांगत होते. हा आकडा खरा होता. त्यातून लोकांनी जो अर्थ काढला तो मात्र खरा नव्हता. या धाग्यात त्या दोहोंमधल्या अंतराची गोष्ट.

(येथील फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोचा नव्हे. डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच चढवून, लंबगोल चेंडू हातात धरून खेळला जाणारा हा अमेरिकी फुटबॉल.)

पुस्तकाचे नाव ‘प्रोज अँड कॉन्स’, लेखक जेफ बेनेडिक्ट आणि डॉन येगर. नावातच श्लेष : ‘प्रो’ म्हणजे व्यावसायिक खेळाडू आणि ‘कॉन’ म्हणजे शिक्षा भोगणारा कैदी. लेखकांनी १९९६-९७ च्या हंगामातील ५०९ खेळाडूंची गुन्हेविषयक कागदपत्रे तपासली. त्यांपैकी १०९ जणांच्या नावावर गंभीर आरोपाची नोंद सापडली.

जमीन आधीच नांगरलेली होती. १७ जून १९९४ रोजी निवृत्त फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन पांढऱ्या ब्रॉन्को गाडीतून लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून जात होता, मागे पोलिसांचा ताफा होता आणि सुमारे साडेनऊ कोटी लोक हे दृश्य दूरचित्रवाणीवर थेट पाहत होते. पुढे १९९५ च्या ऑक्टोबरात तो हत्येच्या आरोपातून निर्दोष सुटला. पण एखाद्या खेळाडूची अटक हा घरबसल्या पाहण्याचा कार्यक्रम असू शकतो, हे त्या संध्याकाळी सिद्ध झाले होते.

पुस्तकानंतर काही काळातच दोन भयंकर प्रकरणे घडली. नोव्हेंबर १९९९ मध्ये कॅरोलायना पँथर्सचा रे कॅरूथ आपल्या गर्भवती मैत्रिणीवर गोळ्या घालण्याच्या कटात अडकला. ती तरुणी मरण पावली आणि २००१ साली तो कटाबद्दल दोषी ठरला. जानेवारी २००० मध्ये अटलांटा येथे दोन माणसांचा भोसकून खून झाला आणि त्यात बाल्टिमोर रेव्हन्सच्या रे लुईसला अटक झाली. त्याच्यावरील खुनाचे आरोप मागे घेण्यात आले. न्यायदानात अडथळा आणल्याचा सौम्य गुन्हा त्याने कबूल केला. हा तपशील किती जणांच्या स्मरणात राहिला असेल? स्मरणात राहिला तो नारिंगी कपड्यांतला, हातांत बेड्या असलेला खेळाडू.

आता २१ टक्क्यांकडे वळू. पाचांत एक, हे प्रमाण कशाच्या तुलनेत मोठे? हा प्रश्न विचारला कार्नेगी मेलन विद्यापीठातील आल्फ्रेड ब्लुमस्टाइन यांनी. ते गुन्हेगारीच्या संख्याशास्त्रीय अभ्यासातले मोठे नाव. अमेरिकेतील मोठ्या शहरांत सुमारे चारांपैकी एका पुरुषाला आयुष्यात कधी तरी गंभीर गुन्ह्यासाठी अटक होते, हे त्यांच्या जुन्या संशोधनातून पुढे आले होते. म्हणजे ‘पाचांत एक’ हा खेळाडूंचा कलंक नसून अमेरिकेचे सर्वसाधारण वास्तव होते. ते एनएफएलच्या आरशात दिसले, इतकेच.

१९९९ साली ‘चान्स’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. खेळाडूंच्या अटकेचे प्रमाण त्याच वयाच्या इतर पुरुषांशी ताडून पाहण्यात आले, तेही गोरे आणि कृष्णवर्णीय असे वेगवेगळे. हे आवश्यकच होते, कारण लीगमधील सुमारे दोनतृतीयांश खेळाडू कृष्णवर्णीय होते आणि अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना अटक होण्याचे प्रमाण मुळातच फार मोठे आहे. निष्कर्ष असा निघाला की, मारहाणीच्या गुन्ह्यांत खेळाडूंच्या अटकेचे प्रमाण सर्वसामान्यांच्या निम्म्याहूनही कमी होते.

आणि या लेखाचे सहलेखक कोण? तेच जेफ बेनेडिक्ट, ‘प्रोज अँड कॉन्स’चे लेखक! स्वतःच्याच गाजलेल्या आकड्याला योग्य चौकटीत बसवणाऱ्या लेखावर त्यांनी सही केली. असे धैर्य इतिहासात विरळाच. लेखाला मात्र पुस्तकाइतके वाचक कधी लाभले नाहीत.

येथेच धागा संपला असता, तर तो एका बदनाम समूहाच्या निर्दोषत्वाची कथा ठरला असता. पण सरासरीच्या पोटात आणखी एक आकडा दडलेला होता.

‘यूएसए टुडे’ या दैनिकाने २००० सालापासूनच्या खेळाडूंच्या अटकांची सूची तयार केली होती. जुलै २०१४ मध्ये बेंजामिन मॉरिस या विश्लेषकाने तिच्या आधारे हिशेब मांडला. २५ ते २९ वयाच्या अमेरिकी पुरुषांच्या तुलनेत खेळाडूंच्या एकूण अटकांचे प्रमाण केवळ १३ टक्के भरले. कौटुंबिक हिंसाचारापुरते पाहिले, तर तेच प्रमाण ५५ टक्क्यांवर जात होते. हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या खेळाडूंच्या अटकांत जवळपास निम्म्या कौटुंबिक हिंसाचाराच्या होत्या. देशभरात तो वाटा त्याच्या अंदाजाने २१ टक्के होता.

५५ टक्के म्हणजे अजूनही सरासरीहून कमीच, असे कोणी म्हणेल. पण त्या वर्षी लीगमधील नवख्या खेळाडूचे किमान वेतनच चार लाख वीस हजार डॉलर होते. चोरी, घरफोडी, अमली पदार्थांची किरकोळ विक्री या गरिबीशी जोडलेल्या गुन्ह्यांत तो आढळणार नाही, हे उघड आहे. त्याची तुलना सुस्थित घरांतील पुरुषांशी केली, की घरातल्या मारहाणीचा हा आकडा एकदम मोठा दिसू लागतो. शिवाय घराचे उत्पन्न ज्या करारावर चालते, तो करार संकटात टाकणारा फोन पोलिसांना करणे कोणत्याही पत्नीला सोपे नसते. नोंद अटकेची होते, गुन्ह्याची नव्हे.

छेदाचीही एक गंमत आहे. हंगामात संघाकडे ५३ खेळाडू असतात, तर उन्हाळ्यातल्या सराव शिबिरात ९०. अटकांची संख्या यांपैकी कोणत्या संख्येने भागायची? उत्तर बदलले, की दरही बदलतो.

मॉरिसचे हे विश्लेषण आले, त्याच्या आदल्याच आठवड्यात एनएफएलने बाल्टिमोरच्या रे राइसला दोन सामन्यांसाठी निलंबित केले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीतील एका कॅसिनोत त्याने आपल्या वाग्दत्त वधूला मारहाण केली होती. बेशुद्ध तरुणीला लिफ्टबाहेर ओढत आणणारा राइस तेव्हाच सर्वांनी पाहिला होता. शिक्षा, दोन सामने. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतले चित्रण उजेडात आले. प्रत्यक्ष ठोसा दिसला, आणि त्याच दिवशी संघाने त्याला काढून टाकले, लीगने अनिश्चित काळासाठी निलंबित केले. कृत्य तेच होते. नवे होते ते केवळ चित्रण.

२०१५ साली लील, गर्ट्झ आणि पिकेरो या अभ्यासकांनी २००० ते २०१३ या काळाची तुलना प्रसिद्ध केली. शीर्षकात प्रश्नचिन्ह होते : ‘द नॅशनल फेलन लीग?’ म्हणजे एनएफएल ही ‘राष्ट्रीय गुन्हेगार लीग’ आहे काय? एकूण अटकांत सर्वसामान्य जनताच पुढे असल्याचे त्यांनाही आढळले. हिंसक गुन्ह्यांत मात्र काही वर्षे खेळाडू वरचढ होते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी लवाद म्हणून राइसचे अनिश्चित निलंबन रद्द केले. एकाच कृत्यासाठी त्याला दोनदा शिक्षा झाली, असे त्यांचे मत पडले. २०१५ मध्ये विहित समुपदेशन पूर्ण केल्यावर त्याच्यावरील फौजदारी आरोपही रद्द झाला. एनएफएलमध्ये तो पुन्हा एकही सामना खेळला नाही. अटकांच्या सूचीत त्या रात्रीची नोंद आहे, दारू पिऊन गाडी चालवल्याच्या अनेक नोंदींच्या रांगेत, तेवढ्याच जागेत.