ऐंशीनंतरचे वाढीव निवृत्तिवेतन

भुसावळ हे रेल्वेचे गाव. रेल्वेत 1957 साली निवृत्तिवेतन आले. त्याआधी भविष्यनिर्वाह निधीच्या एकरकमी पैशावर म्हातारपण काढावे लागे. सहाव्या वेतन आयोगानंतर 2008 मध्ये केंद्राने वयानुसार वाढ दिली: ऐंशीला मूळ निवृत्तिवेतनाच्या 20 टक्के, पुढे दर पाच वर्षांनी 30, 40, 50 आणि शंभरीला 100 टक्के. विधवेला किंवा विधुराला ती स्वतःच्या वयावर मिळते. हीच तरतूद सर्वांत मोलाची, मात्र जन्मतारखेचा पुरावा नसलेल्या वृद्धेला ती मिळवणे जड जाते. जळगाव-धुळ्याच्या कोषागारांतून निवृत्तिवेतन घेणाऱ्या राज्याच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना ऐंशीला 10 टक्केच मिळत. केंद्राचे दर त्यांना 2024 पासून लागू झाले.