गुन्ह्याचे मूळ : रक्तात की परिस्थितीत?

माणूस गुन्हा का करतो, या प्रश्नावर गुन्हेशास्त्र उभे आहे. या शास्त्राचा इतिहास चाळताना दोन सनांपाशी मी थबकलो. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, असे सांगणाऱ्या लोम्ब्रोझो या इटालियन वैद्याचा ग्रंथ निघाला १८७६मध्ये. आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा आला १८७१मध्ये. म्हणजे शास्त्राने सिद्धांत मांडण्याआधी पाच वर्षे सरकारने निकाल देऊन टाकला होता.

या निकालामागे कवट्यांची मोजमापे नव्हती. जातिव्यवस्थेचा सोयीस्कर अर्थ होता. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर! जमातीचे नाव एकदा जाहीर झाले, की नोंदणी, हजेरी आणि गाव सोडायला परवाना. त्या जाहीरनाम्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती.

या जमाती आधी काय करत होत्या? बंजारे बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहत. रेल्वे आली आणि त्यांचा धंदा बसला. पारधी शिकारीवर जगत. १८७८च्या वन कायद्याने जंगलावर सरकारचा ताबा घट्ट झाला. पोटाचे साधन गेले, भटकंती उरली. आणि भटक्या माणसाकडे सरकार संशयानेच पाहत होते. गुन्ह्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळपास सारखे राहते, तेव्हा त्याची कारणे समाजात शोधली पाहिजेत, हे बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञाने १८३५मध्येच मांडले होते. ती वाट येथे कोणी धरली नाही.

१९११च्या कायद्याने मुंबई इलाखाही या जाळ्यात आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड 'सेटलमेंट' झाली. तिथली माणसे गिरण्यांत राबत आणि हजेरीला परतत. १९१३मध्ये चार्ल्स गोरिंग या इंग्रज तुरुंग-डॉक्टराने सुमारे ३००० कैद्यांची मापे तपासून गुन्हेगाराचा वेगळा शरीरप्रकार नसतो, हे दाखवले. आनुवंशिकता तोही मानत असे; पण लोम्ब्रोझोचा मुख्य आधार ढासळला. आपल्याकडचा कायदा मात्र ३१ ऑगस्ट १९५२पर्यंत टिकला.

त्या दिवसापासून या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण कायद्याच्या पुस्तकातून पुसलेला शिक्का लोकांच्या मनातून पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७मध्ये आले, ते स्वातंत्र्यानंतरच्या याच अनुभवातून. गुन्ह्याचे कारण जन्मात शोधले, की चोरी कोणीही करो, पोलीस आधी पालावरच जातात. म्हणून हा प्रश्न मला केवळ शास्त्राचा वाटत नाही.