विस्मृतीची खतावणी

परभाषा शिकविणारे एखादे ॲप विद्यार्थ्याला एक शब्द उद्या, दुसरा आठवड्याने आणि तिसरा महिन्याने पुन्हा विचारते, तेव्हा ही मुदत मुक्रर करणारी विद्या संगणकाबरोबरच जन्मली असावी असे सहज वाटते. परंतु तिचा मूळपुरुष संगणकाच्या कितीतरी आधी होऊन गेला, आणि तो भाषाशिक्षकही नव्हता.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८७९ च्या सुमारास आपल्याच स्मरणशक्तीवर प्रयोग आरंभिले. सार्थ शब्द पूर्वसंस्कारांमुळे लवकर लक्षात राहतो हे ओळखून त्याने दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून सुमारे २,३०० निरर्थक शब्दावयव तयार केले, घड्याळाच्या ठोक्यांच्या लयीत वाचून त्यांच्या याद्या मुखोद्गत केल्या, आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात याची नोंद विलक्षण चिकाटीने ठेवली. वीस मिनिटांनंतर ५८ टक्के श्रम वाचत, तासाभराने ४४, दिवसाने ३४, आणि महिना लोटल्यावरही २१! विस्मरणाचा वेग आरंभी मोठा असून पुढे मंदावतो, हे १८८५ सालच्या त्याच्या ग्रंथाने आकड्यांनिशी दाखविले. एकाच दिवशी केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जो लाभ होई, तोच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी होतो, असेही त्याला आढळले.

दिवेलागणीला परवचा म्हणणाऱ्या आपल्या घरांना आवृत्तीचे माहात्म्य निराळे सांगावे लागत नव्हते. मात्र तेथे पक्के झालेले आणि कच्चे राहिलेले दोन्ही रोज सारखेच म्हणावे लागे. अमेरिकेतील भाषाध्यापक पॉल पिम्सलर यांनी १९६७ साली नव्या शब्दाच्या उजळणीचे वेळापत्रकच आखले: पाच सेकंद, पंचवीस सेकंद, दोन मिनिटे, असे अंतर सुमारे पाचपट वाढवीत थेट दोन वर्षांपर्यंत. परंतु ध्वनिफितीवर मुद्रित झालेल्या त्यांच्या पाठाला, ऐकणाऱ्याला काय आठवले आणि काय नाही, हे कसे कळावे?

ते कळण्याची पहिली सोपी सोय पुठ्ठ्याच्या पेटीत झाली. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ सालच्या आपल्या जर्मन पुस्तकात पाच कप्प्यांची पेटी सुचविली: बरोबर उत्तर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकलेले मुकाट्याने पहिल्या कप्प्यात परत येते, आणि म्हणून अवघड शब्द वारंवार हाती लागतो. विद्यार्थ्याच्या कुवतीप्रमाणे बदलणाऱ्या आजच्या अध्यापनाचे बीज मला या साध्या पेटीत स्पष्ट दिसते.

त्या बीजाला संगणक लाभला तो पोलंडमध्ये. पोझ्नान येथील विद्यार्थी पिओत्र वोझ्नियाक इंग्रजी शब्द आणि जीवरसायनशास्त्र विसरून जाण्याला कंटाळला होता. १९८५ साली त्याने वह्यांच्या पानांवर शब्दांच्या जोड्या लिहून प्रत्येक पानाची उजळणी १, ७, १६ आणि ३५ दिवसांनी करण्याची पद्धत बसविली. तीत उणीव एवढीच की, एका पानावरचे सोपे-अवघड सगळे शब्द एकाच तारखेला बांधलेले राहत. १९८७ च्या डिसेंबरात त्याने स्वतः लिहिलेल्या सुपरमेमो या प्रोग्रॅमने प्रत्येक शब्दाचे खाते वेगळे केले. विद्यार्थी आपल्या उत्तराला शून्य ते पाच गुण देई. पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी सहा दिवसांनी, आणि त्यानंतरचे प्रत्येक अंतर मागच्याला एका गुणकाने गुणून ठरे. हा गुणक आरंभी २.५ असे, म्हणजे पुढची उजळणी पंधरा दिवसांनी. उत्तर अडखळत आले की तो घटे, पण १.३ च्या खाली कधीच जात नसे. एवढ्याशा गणिताने मानवी विस्मृतीला शब्दागणिक स्वतंत्र न्याय मिळाला, ही मला या सबंध परंपरेतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. २००६ साली आलेल्या अंकी या सॉफ्टवेअरने दीर्घकाळ याच गणिताची सुधारलेली आवृत्ती चालविली.

पुढे पिट्सबर्ग येथे लुईस फॉन आन आणि सेव्हरिन हॅकर यांनी काढलेले ड्युओलिंगो २०१२ साली सर्वांना खुले झाले. तेथे गुण देण्याचे काम विद्यार्थ्याकडे राहिले नाही. त्याच्या बरोबर-चूक उत्तरांवरून यंत्रच, किरणोत्सर्गी द्रव्याप्रमाणे, प्रत्येक शब्दाच्या स्मृतीचे अर्धायुष्य अजमावू लागले. त्या रीतीचा शोधनिबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला, आणि तिच्या परीक्षणासाठी वापरलेल्या सव्वा कोटींहून अधिक नोंदी कंपनीने अभ्यासकांसाठी खुल्या केल्या.