प्रवराकाठचा कारखाना

कालवा आला म्हणजे सुबत्ता आली, असा आपला एक सोयीस्कर समज आहे. अहमदनगर जिल्ह्याचा (2024 पासून तो अहिल्यानगर झाला) अनुभव निराळा आहे. प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, आणि अवर्षणाच्या त्या मुलखात ऊस उभा राहिला. परंतु उसाचा गूळ करावा आणि अडत्या सांगेल त्या भावास तो देऊन मोकळे व्हावे, यापलीकडे शेतकऱ्याच्या हाती फारसे काही नव्हते. 1932 साली सरकारने साखरधंद्यास संरक्षण दिले. त्याचा लाभ मुख्यतः खाजगी कंपन्यांस झाला. त्यांनी शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडाने घेऊन ऊस लावला. जमीन गावची आणि नफा मात्र परगावचा!

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शाळेत फारसे शिकलेले नव्हते. त्यांच्या पुढाकाराने 1923 साली गावात सहकारी पतपेढी निघाली. माझ्या मते कारखान्याचा पाया पडला तो तेथे. घेतलेले कर्ज मुदतीत फेडावे, हिशेबाची वही चारचौघांसमोर उघडावी, ही सवय गावाच्या अंगी मुरण्यास वेळ लागतोच. पुढे 1945 साली बागायतदारांची परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. पुण्याच्या गोखले संस्थेतील हा पंडित नुसता सल्ला देऊन परतला नाही. कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. गावोगाव फिरून भाग विकण्याचे कष्ट विखे पाटलांनी उपसले. मुंबई सरकारात अर्थखाते सांभाळणाऱ्या वैकुंठभाई मेहतांचा पाठिंबा लाभला, सरकारनेही भाग घेतले. 1948 साली संस्था नोंदली गेली आणि 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू झाले.

या योजनेचे मर्म उसाच्या स्वभावात आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर घटते. म्हणून तोडणी, वाहतूक आणि गाळप यांचा मेळ बसावा लागतो. सभासदाने ठरलेला ऊस कारखान्यास घालावा, कारखान्याने तोडणीची पाळी लावावी, कर्जाचा हप्ता उसाच्या बिलातूनच वळता व्हावा, अशी ही घडी. भाग कितीही असोत, मत प्रत्येकास एकच.

मात्र भाग घेण्यास ऊस हवा आणि उसास पाणी. कोरडवाहू शेतकरी या घडीच्या बाहेर राहिला. बीड, पाथर्डीकडची तोडणी मजुरांची कुटुंबे आजही दर हंगामात कारखान्यांच्या वाटेला लागतात. ऊस त्यांच्या कोयत्याने तुटतो. सभासदांच्या यादीत मात्र त्यांना जागा नाही.