वृक्षतोड, पॅसिफिक किनाऱ्यावरील
उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, विशेषतः कॅलिफोर्निया, ऑरेगन, वॉशिंग्टन व ब्रिटिश कोलंबिया येथील वनांत, रेडवुड व डग्लस फर या प्रचंड वृक्षांच्या तोडीचे स्वतंत्र तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाले. या वृक्षांचा बुंधा तळाशी अतिशय फुगीर असतो व डग्लस फरच्या तळभागात राळही पुष्कळ असते. त्यामुळे तोडणारे दोघे, बुंध्यात खोबणी पाडून बसविलेल्या लोखंडी टोकाच्या फळ्यांवर, जमिनीपासून बरेच उंच उभे राहून काम करीत. झाड ज्या दिशेस पाडावयाचे त्या बाजूस प्रथम कुऱ्हाडीने मोठी खाच घेत आणि मग विरुद्ध बाजूने दुहाती करवत चालवीत. राळेने ती अडकू नये म्हणून तिच्यावर रॉकेल शिंपडीत व मागे पाचरी ठोकीत. खाच व करवतीचा छेद यांमध्ये लाकडाची अरुंद पट्टी राखणे हे खरे कौशल्य होय. पडताना झाड या पट्टीवर बिजागरीप्रमाणे वळते. ती पूर्ण कापली गेल्यास त्याची दिशा कोणाच्याच हाती राहत नाही. रेडवुड ठिसूळ असल्याने ते आपटून फुटू नये म्हणून जमिनीवर फांद्यांची गादी अंथरीत. वर अडकून राहिलेल्या सुट्या फांद्या केव्हा कोसळतील याचा नेम नसे. कामगार त्यांना ‘विधवा करणाऱ्या’ म्हणत.

या कामात झाडावर चढण्याची गरज मुळात नव्हती. ती वाफेच्या यंत्राने निर्माण केली. १८८१ मध्ये यूरेका येथील जॉन डॉल्बीर यांनी ओंडके ओढण्यासाठी बाष्पचलित रहाट वापरात आणला. जमिनीवरून ओढले जाणारे ओंडके बुंध्याखुंटांना अडत. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी एखाद्या उंच झाडाचा डोलकाठीसारखा उपयोग करून तारदोर वरच्या कप्पीवरून नेण्याची पद्धत रूढ झाली. त्यासाठी एक आरोहक पायांना काटे व कमरेला पट्टा बांधून, बुंध्याभोवतीचा दोर वर सरकवीत, फांद्या छाटीत सु. ५० ते ६० मी. चढे आणि शेंडा उडवी. स्वतःच्याच कुऱ्हाडीचा चुकलेला घाव दोरावर बसण्याचा धोका असल्याने त्यात पोलादी तार घालीत. शेंडा सुटताच उरलेला बुंधा जोराने हेलकावे घेई. तो उभा चिरला, तर पट्ट्याने जखडलेला आरोहक चिरडला जाई.

कामाच्या तासांवरून १९१७ मध्ये या प्रदेशात मोठा संप झाला व युद्धकालीन शासकीय दबावामुळे १९१८ मध्ये आठ तासांचा दिवस मान्य झाला. धोका मात्र तसाच राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर साखळी-करवतीने दुहाती करवत मागे टाकली. जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीच्या जबड्यांवरून तिच्या दातांची सुधारित रचना केली (१९४६-४७). पुढे वाहून नेता येणारे पोलादी खांब आल्यावर आरोहकाचा व्यवसाय जवळजवळ लोपला.