शिरोरेषेखालची साफसफाई

शिक्रापूरहून नगर रस्त्याने पुण्यात शिरताना येरवड्याचा पूल ओलांडला की कोरेगाव पार्क लागतं. 'पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड' ही तिथली अंधशाळा १९३४ सालची. त्या काळी अंध मुलाचं पुस्तक म्हणजे ब्रेल, आणि देशात ब्रेलही एक नव्हती. निरनिराळ्या प्रांतांच्या निरनिराळ्या लिप्या मोडून १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. 'क'ला मराठीत जे ठिपके, तेच बंगालीत. सोय झाली खरी. पण छापील कादंबरीचे ब्रेलमध्ये कित्येक जाडजूड खंड होतात, ते कोण काढणार आणि ठेवणार कुठे? १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने, म्हणजे नॅबने, पुढे बोलकी पुस्तकं आणली. तीही डोळस माणूस वाचून देईल तेवढीच.

१९७६ मध्ये अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी छापील पान मोठ्याने वाचणारं यंत्र दाखवलं. इंग्रजी छपाईत अक्षरं सुटी उभी असतात, त्यामुळे ते जमलं. देवनागरीत शिरोरेषा सगळ्यांना एका दोरीला बांधते. वर रफार-अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत चौधरी आणि पाल यांनी १९९७ मध्ये बंगाली-देवनागरीसाठी ओसीआर, म्हणजे छापील अक्षरं ओळखणारं तंत्र, मांडलं, तेव्हा आधी शिरोरेषा पुसून अक्षरं सुटी करावी लागली.

आजची सॉफ्टवेअरं पुष्कळ सुधारली आहेत. तरी जुन्या, पिवळ्या पडलेल्या, शाई फुटलेल्या पानावर 'घर'चं 'धर' होतं, 'भान'चं 'मान' होतं. 'ख' तुटून 'रव' झाला की 'खाना'चा 'रवाना' होतो! शब्दतपासणी इथे गप्प बसते, कारण चुकलेला शब्दही मराठीच असतो. डोळस वाचक अशी चूक संदर्भाने सांभाळून घेतो. संगणकाचा आवाज मात्र 'धर' म्हणजे 'धर'च म्हणतो. त्यातच पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव आणि पृष्ठांक वाक्याच्या मध्यात येऊन बसतात, तळटीप संवादात घुसते. म्हणून स्कॅनिंग हे हमालीचं काम आणि शुद्धीकरण हे खरं काम. मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते.

गंमत म्हणावी की चीड आणणारी गोष्ट, पण स्कॅन कराव्या लागणाऱ्या यातली पुष्कळ पुस्तकं मुळात संगणकावरच जुळवलेली असतात. मग फाइलच का घेऊ नये? कारण डीटीपीच्या काळात मराठी मजकूर श्रीलिपी, आकृतीसारख्या फॉन्टांत बसवला गेला आणि प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी. कागदावर सुंदर मराठी, फॉन्ट उतरला की फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीनरीडर तोच खिचडा वाचतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. मराठी छपाई तिकडे वळायला फार वेळ लागला. परिणामी संगणकातून निघालेलं पुस्तक छापायचं, आणि मग तेच स्कॅन करून पुन्हा संगणकात घालायचं.

कायद्याची अडचण त्या मानाने लवकर सुटली. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने अंधांसाठी, नफा न घेता, पुस्तकाचं रूप बदलायला प्रकाशकाच्या परवानगीची गरज उरली नाही. अंधांना वाचता येतील अशी पुस्तकं देशोदेशी देता-घेता यावीत म्हणून झालेल्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे अंधांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं, म्हणजे एका संस्थेने साफ केलेलं पुस्तक दुसरीने पुन्हा स्कॅन करायला नको. अमेरिकेत मराकेश करार मे २०१९ पासून लागू आहे, त्यामुळे पुण्यात दुरुस्त झालेली मराठी फाइल अधिकृत संस्थांमार्फत तिथल्या अंध मराठी वाचकालाही मिळू शकते.